माट, माकूळ आणि रहमतुल्लाचे कान

अमरावतीच्या खोलापुरी गेटाबाहेर रंगाऱ्यांची आळी होती. तिथं रहमतुल्ला नावाचा एक रंगारी राहत असे. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. हे कौतुकानं सांगत नाही. ते त्याचं व्यंगच होतं. माणूस रंगानं उजळ. खोटं बोलायची वेळ आली की त्याचे दोन्ही कान आधी कोमट होत, मग गरम, आणि मग कुसुंब्यात बुडवून काढल्यासारखे लालबुंद. लहानपणी गूळ कुणी चोरला हे त्याची आई कधी विचारत नसे, नुसते कान बघत असे. लग्न झाल्यावर तिनं ही विद्या सुनेला, म्हणजे कुलसुमबीला, देऊन टाकली. त्यामुळं त्या घरात नवऱ्याची उलटतपासणी करायची गरजच उरली नाही.

दुसऱ्या एखाद्या धंद्यात हे व्यंग खपून गेलं असतं. पण निळीचं काम करणाऱ्या रंगाऱ्याला खोटं बोलता यावंच लागे. निळीचा माट, म्हणजे नीळ कालवून ठेवलेला रांजण, जिवंत असतो. त्याला गूळ लागतो, चुना लागतो, ऊब लागते. काही कमी पडलं की तो रुसतो. मग वर तांबूस फेस धरत नाही, आणि कापड बुडवलं तर भांडी पुसल्यासारखं मळकट निघतं. याला रंगारी म्हणत, माट बिगडला. आणि बिगडलेला माट ताळ्यावर आणायचा तर एक धडधडीत खोटी गोष्ट बाजारात सोडायची, असा सगळ्या रंगाऱ्यांचा पिढ्यानपिढ्यांचा विश्वास. लोकांनी ती खरी मानली की माट सुधारला.

रहमतुल्लाचा बाप गयासुद्दीन या कामात उस्ताद होता. एकदा त्यानं सोडून दिलं की पातूरच्या लेण्यांत एक शेळी बोलायला लागली आहे, आणि ती फक्त फारसी बोलते. बाळापूरचे दोन मुन्शी गाडी जुंपून निघाले. ते पातूरला पोचायच्या आत इकडं माटावर फेस चढला, असं गयासुद्दीन सांगे. अर्थात हेही तोच सांगे, तेव्हा किती धरायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

बाप गेल्यावर रहमतुल्लानं माट तान्ह्या लेकरासारखा जपला. जपणं भागच होतं, कारण बिगडला असता तर त्याच्या कानांनी त्याला दगा दिला असता.

ते दिवस कापसाचे होते. दूर कुठं अमेरिकेत गोऱ्या लोकांची आपसात जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि विलायतेला अचानक वऱ्हाडची आठवण झाली होती. काल ज्याच्या गाडीच्या चाकाला वंगण मिळत नव्हतं, त्याच्या बैलांच्या शिंगांवर आज चांदीच्या शेंब्या चमकत होत्या. अकोल्याच्या वाटेवरच्या एका गावचे पाटील खुशालराव हे त्यांतलेच. मनानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. त्यांच्या लेकीचं, जमुनाचं, लग्न फाल्गुनात धरलं होतं, आणि त्यांच्या डोक्यात एक भूत शिरलं होतं: मांडवातली एकूणएक बाई हिरव्या लुगड्यात दिसली पाहिजे, आणि हिरवा सगळ्यांचा एकच.

"उन्नीस-बीस चालनार नाई," ते रहमतुल्लाला म्हणाले. "अकोल्याचे रंगारी गोड बोल्तेत, पन मले गोड नाई, खरं बोलनारा पायजे. तू हो म्हनला म्हंजे झालं."

हिरवा म्हणजे आधी नीळ, वरून हळद आणि डाळिंबाची साल. नीळ एकाच हाताची, उंची हवी, आणि ती मुंबईत मिळे. आगगाडीचे रूळ अजून अकोल्याला पोचले नव्हते. पाटलांच्या कापसाच्या गाड्यांबरोबर रहमतुल्ला खानदेशापर्यंत गेला आणि तिथून एकटाच आगगाडीत बसला. माट त्यानं कुलसुमबीच्या हवाली केला होता.

मुंबईत त्यानं नीळ घेतली आणि कुलसुमबीसाठी एक भिंग घेतलं. ती बांधणीचं काम करी. कापड चिमटीत उचलून मोहरीएवढ्या गाठी दोऱ्यानं बांधायच्या, एका ओढणीवर हजारो. अलीकडं तिला गाठ नीट दिसत नव्हती, पण ती ते कबूल करत नव्हती. तिचे कान लाल होत नसत.

निघायच्या दिवशी सकाळी तो समुद्र पाहायला गेला. एवढं पाणी एका जागी बघून त्याच्या मनात पहिला विचार आला तो कापड धुण्याचा. किनाऱ्यावर एक कोळीण मासळीच्या टोपल्या मांडून बसली होती. शेजारी खाऱ्या पाण्याचं मडकं, आणि त्यात वीतभर लांबीचं, काचेसारखं फिकट, डोळे वटारलेलं काहीतरी निपचित पडलेलं. तिनं त्याला बोट लावलं, आणि ते लालतपकिरी झालं.

पाण्यात रंग सुटला असेल म्हणून रहमतुल्लानं पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं. पाणी स्वच्छ. तेवढ्यात ते जनावर पुन्हा पांढरं झालं. मग अंगावर ठिपके उठले, ठिपक्यांची लाट डोक्याकडून शेपटाकडं पळत गेली, आणि परत आली.

"काय रं भावा, माकूल कंदी बघला नाय?" कोळीण म्हणाली.

रहमतुल्ला मटकन खाली बसला. कापडाचा रंग बदलताना तो रोज बघत होता. माटातून पिवळंहिरवं निघालेलं कापड वारा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. पण एकदा निळं झालं ते झालं; ते परत हिरवं झाल्याचं त्याच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं. इथं हे वीतभर जनावर रंगत होतं, उतरत होतं, पुन्हा रंगत होतं. ना माट, ना फटकडी, ना रंगारी.

त्याचा चेहरा बघून कोळणीला गंमत वाटली. तिनं माकूळ कापलं आणि कातडीचा एक तुकडा सोलून त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं भिंग काढलं. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि तिच्यात तांबड्या, तपकिरी, पिवळ्या रंगांच्या बारीक बारीक थैल्या. प्रत्येक थैलीला चहूबाजूंनी केसाहून बारीक दोरे. दोरे ताणले की थैली पसरून चपटी होई आणि तेवढी जागा रंगून जाई. दोरे सैल पडले की थैली आकसून नुसता ठिपका उरे. जनावर मेलं होतं, तरी थैल्यांची उघडझाप चालूच होती. त्यांच्या खाली अभ्रकासारखा आणखी एक थर होता. सरळ धरला तर रुपेरी, तिरका धरला तर निळाहिरवा. रहमतुल्लानं सवयीप्रमाणं तुकडा उपरण्याच्या टोकावर घासून पाहिला. थैल्यांचा तपकिरी डाग उठला. निळ्याहिरव्याचा मात्र काही केल्या उठला नाही. म्हणजे तिथं रंग नव्हताच, नुसता उजेड होता. रंगाशिवाय रंग! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद त्याला पोरवयात स्वतः रंगवलेल्या पहिल्या रुमालाचाच काय तो झाला होता.

"हे सारं कावून करते थे?" त्यानं विचारलं.

"जगायला, दुसरं काय? वरून पाखरू टपलंय, खालून मोठा मासा टपलाय. वालूवर असला का वालूसारखा, काल्या पान्यान काला. राग आला का लाल." कोळणीनं पदर खोचला. "आन मादी दिसली का मंग तं बघूच नको."

परतीच्या वाटेवर रहमतुल्लाच्या तोंडाला खळ नव्हती. आगगाडीत सांगितलं, गाडीतळावर सांगितलं, अकोल्याच्या सराईत दोनदा सांगितलं, कारण दुसऱ्या खेपेला ऐकणारे नवे होते. घराच्या दारात पोचेपर्यंत त्याला एकच प्रश्न होता, आधी कुलसुमबीला भिंग द्यावं की आधी माकूळ सांगावं.

दारात कुलसुमबी उभी होती. तिनं आधीच सांगून टाकलं, "अजी, माट बिगड गया."

पौषातली थंडी त्या वर्षी हाडांत शिरणारी होती. तिनं माटाला गोधडी गुंडाळली होती, गोवऱ्यांची ऊब दिली होती, तरी माट बसला तो बसलाच. पाठोपाठ समोरचा नत्थुजी तेली हसत हसत आला. अकोल्याची बातमी त्याच्यापर्यंत रहमतुल्लाच्या आधी पोचली होती.

"मी म्हनलंच व्हतं!" नत्थुजी मांडीवर थाप मारून म्हणाला. "रंग बदलनारी कातडी! मी म्हनलं, रहमतुल्लाचा माट बिगडला दिसते. अन पाह्य, बिगडलाच! शेवटी बापाचा गुन उतरला बाप्पा!"

"खरं हाये थे, नत्थुजी. म्या ह्या डोयानं पाहिलं."

"हो, हो, खरं हाये," नत्थुजी म्हणाला, आणि त्यानं डोळा मारला.

रहमतुल्लाला पुढचे दिवस या डोळ्यानंच छळलं. लोक वाईट नव्हते. उलट फार चांगले होते. रंगाऱ्याचा माट सुधारावा म्हणून सगळी पेठ त्याची गोष्ट खरी मानायच्या मागं लागली. भाजीवाली म्हणे, "खरं हाये, भाऊ." न्हावी अर्धी दाढी सोडून म्हणे, "खरं हाये." आणि प्रत्येक जण डोळा मारी. आयुष्यभर खरं बोललेल्या माणसाला आपलं सर्वांत मोठं खरं असं डोळा मारून परत मिळावं, याचं त्याला रडू येई.

मग खुशालराव आले. त्यांनी बाजाराच्या दिवशी ओट्यावर उभं राहून आरोळीच ठोकली, "राजेहो, माह्या पोरीचं लगन तोंडावर हाये. समद्यायनं रंगाऱ्यावर विश्वास ठेवा!" बाजार ओरडला, "ठेवला!" आणि हशा पिकला. खुशालराव खूश होऊन रहमतुल्लाला बाजूला घेऊन गेले.

"आता मले सांग. कसं सुचलं तुले हे? थैल्या काय, दोरे काय!"

"सुचलं नाई, पाटील. पाहिलं."

खुशालरावांचं हसू मावळलं. "हे पाह्य, बाजाराले काईबी सांग. थे तुह्या धंद्याचं हाये. पन मले कावून फसवतं? तू खरं बोल्तं म्हनून तं मी तुह्याकडं आलो व्हतो."

"तुमालेच खरं सांगून राहिलो जी."

पाटलांनी आवाज चढवला असता तर रहमतुल्लाला बरं वाटलं असतं. पण ते हळूच म्हणाले, "पाच दिस थांबतो. माट सुधरला तं ठीक, नाई तं कापड अकोल्याले धाडतो. अन माट सुधरला तरी माह्याशी हे बोलनं पुन्हा काढू नको." ते गाडीत बसले, आणि मागं वळून पाहिलं नाही.

रहमतुल्ला घरी येऊन माटाशेजारी बसला. कापड जाणार याचं दुःख होतंच. पण जमुनाच्या बारशाचं लुगडं त्यानं रंगवलं होतं, आणि त्या घरात आता आपला शब्द चालत नाही, हे त्याला सहन होईना. कुलसुमबी जवळ आली. तिनं दोन्ही हातांनी त्याचे कान धरले.

"ठंडे है," ती म्हणाली. "सांगा आता. माकूळ कसं असते?"

त्यानं सांगितलं. तिनं भिंग डोळ्याला लावून, हाताशी असलेली बांधणीची ओढणी पुढं ओढली. तिच्या दोरा सोडलेल्या गाठींच्या जागी कापडाला चुण्या पडल्या होत्या, रंग चुण्यांत दडला होता. तिनं कापड चारी बाजूंनी ताणलं. ठिपका फुलला. सोडलं, ठिपका मिटला.

"असं?"

"अस्संच!" रहमतुल्ला ओरडला. "फक्त तिथं ताननारं कोनी नाई. थे सोताच तानते, सोताच सोडते."

"आन तुमचे कान?" कुलसुमबी म्हणाली. "थे कोन तानते?" तो हसला. मुंबईहून आल्यापासून पहिल्यांदा हसला.

पण अडचण अशी झाली की गोष्ट खरी निघाल्यामुळं ती माटाच्या कामाची नव्हती. आता एखादी खोटी गोष्ट पाहिजे होती. रहमतुल्लानं जिवावर उदार होऊन प्रयत्न केला. गेटाजवळ जाऊन नत्थुजीला म्हणाला, "धारणीकडं एक म्हैस झाडावर चढली म्हनतेत." म्हशीचं नाव तोंडातून निघताच कान पेटले आणि शब्द अडखळले. नत्थुजीला हसता हसता ठसका लागला, आणि त्यालाच पाणी पाजायची वेळ रहमतुल्लावर आली.

कुलसुमबीनं दुसराच मार्ग धरला. तिनं तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, बी उकळून त्याची पेज माटात ओतली, गूळ घातला, चुन्याची निवळी घातली, आणि पाच दिवस माटाभोवतीचा गोवऱ्यांचा विस्तव विझू दिला नाही. हे तिनं गाजावाजा न करता केलं. गाजावाजा करण्यासारखं ते नव्हतंच. रोजचा स्वयंपाकही ती असाच करी.

पाचव्या दिवशी सकाळी खुशालरावांची गाडी कापड न्यायला आली, तेव्हा आळीत गर्दी जमली होती. माटावर तांब्याच्या झाकणासारखा चकचकीत फेस चढला होता. रहमतुल्लानं पाटलांसमोर एक लुगडं बुडवलं, पिळून वर काढलं. पिवळं, मग हिरवट, मग सगळ्यांच्या देखत गर्द निळं.

"चालली!" नत्थुजी नाचायला लागला. "गोठ चालली! माकूळानं माट सुधरवला!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. पाटीलही हसले, पण रहमतुल्लाकडं न बघता. तेवढ्यात कुलसुमबी डोक्यावरचा पदर सारखा करत दाराबाहेर आली. चारचौघांत ती सहसा बोलत नसे, म्हणून गलका आपोआप थांबला.

"नत्थुभाऊ," ती म्हणाली, "खोटी गोठ लोकायनं मनापासून खरी मानली तरच माट सुधरते ना?"

"हो तं. दुनियेले माहीत हाये."

"मंग माकूळाची गोठ तुमी मनापासून खरी मानली व्हती? लेकराची आन घेऊन सांगा."

नत्थुजीनं डोकं खाजवलं. "आता आन घ्याची तं... नाई बाप्पा. मी डोया मारत व्हतो."

"आन तुमी?" न्हाव्यानं मान हलवली. "तुमी?" भाजीवालीनं जीभ चावली. "पाटील, तुमी?"

"अजिबात नाई," खुशालराव म्हणाले.

"म्हंजे कोनीच नाई मानली. मंग माट सुधरला कशानं?" कुलसुमबीनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "आठ दिस झाले, पुऱ्या पेठेनं मनापासून एकच गोठ खरी मानली. थे गोठ म्हंजे, रहमतुल्ला खोटं बोलून राहिला. थेच खोटं व्हतं. माटाले थेच लागलं."

नत्थुजीचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि त्याच्या कपाळावर हिशेब जुळत चालल्याचं स्पष्ट दिसत होतं. माट तर समोर होता. फेस तर खोटा म्हणता येत नव्हता.

"म्हंजे," खुशालराव सावकाश म्हणाले, "थे जनावर..."

"हाये," कुलसुमबी म्हणाली.

खुशालराव रहमतुल्लाकडं वळले. त्यांनी रहमतुल्लाचे निळेभोर, ओले हात आपल्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्याशी धरले. "चुकलो गड्या," ते म्हणाले. अंगरख्यावर दोन निळे पंजे उठले. ते त्यांनी पुढं कधी धुऊ दिले नाहीत.

तरोट्याच्या पेजेबद्दल कुलसुमबीला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही आपण होऊन सांगितलं नाही.

फाल्गुनात जमुनाचं लग्न झालं. मांडवात दीडशे बायका, सगळ्या एका हिरव्यात. कुलसुमबीही त्यांतच, पाटलांनी मुद्दाम धाडलेल्या लुगड्यात. जेवणं आटोपल्यावर खुशालरावांनी रहमतुल्लाला मधोमध लोडाला टेकवून बसवलं आणि पाहुण्यांना दरडावलं, "आता आयका. अन कोनी डोया मारला तं माह्याशी गाठ हाये."

नवरी जमुना हळदीच्या अंगानं पुढं सरकून बसली. "सांगा नं, चाचा."

त्यानं सांगितलं. थैल्या, दोरे, अभ्रकाचा थर, काळ्या पाण्यातलं काळं होणं, रागाचं लाल. कुणी हसलं नाही. दोनशे माणसं तोंडाचा आ करून ऐकत होती, आणि एकाही डोळ्याची पापणी खोडसाळपणे मिटली नाही. रहमतुल्लाला इतकं सुख झालं की ते कुठं ठेवावं कळेना.

गोष्ट संपली. तेव्हा अकोल्याचा एक म्हातारा पाहुणा हात जोडून म्हणाला, "बुवा, केवढं असते हो थे जनावर?"

वीतभर. रहमतुल्लानं वीत दाखवायला हात उचलला. समोर दोनशे चेहरे, सगळे आणखी ऐकायला आसुसलेले. त्याचा हात हवेत थबकला. मग दुसराही हात वर गेला, आणि दोन्ही हात एकमेकांपासून लांब लांब जाऊ लागले.

"बैलगाडीएवढं," रहमतुल्ला म्हणाला. "बैल धरून."

"अरे बाप्पा!" मांडव म्हणाला.

दीडशे हिरव्या लुगड्यांमधून एकाच बाईनं पदर तोंडात कोंबला. मशालींच्या उजेडात त्याचे कान कुसुंब्यासारखे पेटले होते, आणि ते वाचता येणारी मांडवात ती एकटीच होती. गाडीत बसून घरी निघाल्यावर तिनं हळूच त्याचा कान चिमटीत धरला. चटका बसावा इतका गरम होता.

"ये क्या किया?" ती म्हणाली.

"मानलं त्यायनं," रहमतुल्ला लाजत म्हणाला. "समद्यायनं मानलं, कुलसुम."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माटावरची गोधडी काढली, तेव्हा फेस काठाबाहेर उतू जात होता.